तिसरा पाउंड

फोन वाजला तेव्हा हेस्टर गार्साइड खिडकीपाशी खुर्चीत अडकून पडली होती. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या, आणि बिऱ्हाड वरच्या मजल्यावर.

"हेस्टर," भावाचा आवाज खरखरत होता. "मी पाउंडात आहे. कोंडलंय मला. अंधार आहे, आणि..."

आवाज तुटला. तिने पुन्हा पुन्हा नंबर फिरवून पाहिला. अँब्रोजचा फोन लागेना.

कालपासून तो बेपत्ता होता. इंग्रजी शब्द कुठून आले, कुठे गेले, हे शोधण्यात त्याने उभा जन्म घालवला होता. आज दुपारी त्याला कोर्टात एका मृत्यूच्या चौकशीत साक्ष द्यायची होती. गावच्या पुलावर बेथन प्राइस या मुलीला एका गाडीने सायकलवरून उडवलं होतं. मुलगी गेली, गाडी पळाली. गाडी कोणाची ते अँब्रोजने पाहिलं होतं, पण नाव त्याने पोलिसांनाही सांगितलं नव्हतं आणि बहिणीलाही नाही. "साक्षीला उभा राहीन तेव्हा बोलेन. सांगणं जिवावर येतंय," एवढंच तो म्हणाला होता.

सार्जंट थर्झा ओकडेन धावत जिना चढून आली. ती हेस्टरची जुनी विद्यार्थिनी. पोलिसाचा गणवेश चढवला तरी हेस्टरसमोर तिचे हात आपोआप पाठीमागे जायचे.

"पाउंड म्हणजे पैसे. बँकेत पाहू का, बाई?"

"बँकेत पैसे कोंडतात, माणसं नाही. नीट ऐक. अँब्रोज म्हणतो, हा शब्द म्हणजे एका टोपीखाली उभी असलेली तीन अनोळखी माणसं. पहिला पाउंड वजनाचा. तो रोमन लोकांच्या भाषेतून आला, आणि चांदी तोलता तोलता पैसा झाला. दुसरा म्हणजे कुटणं, बदडणं. तो इथलाच, जुना. दिसतात सख्खे भाऊ, पण नातं काही नाही."

"आणि तिसरा?"

"कोंडवाडा. भटकी गुरं, कुत्री अडकवायची जागा. त्याचं मूळ कोणालाच नीट सापडलेलं नाही. अँब्रोज तिसऱ्यातच आहे."

"मग कुत्र्यांचा कोंडवाडा पाहते. आणि चर्चमागचा दगडी, जुना." थर्झा वळली. "मिस्टर व्हार्ली, तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?"

लायनेल व्हार्ली दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होता. हेस्टरच्या वारलेल्या बहिणीचा हा मुलगा. सकाळीच आला होता.

"आठवडा झाला असेल. आज मावशीचा फोन आला तसा डर्बीहून निघालो, हमरस्त्याने थेट इथे."

"गावात कुठे चौकशी केलीत?"

"वेळच कुठे होता? आणि माझं गावात आता आहे काय? बोट विकली तेव्हापासून कालव्याकडेही फिरकलो नाही."

थर्झा गेली. लायनेलने मावशीच्या पायाखाली उशी सरकवली, शाल सारखी केली. कुबड्या मात्र उचलून बाहेर जिन्यापाशी नेऊन ठेवल्या.

"कशाला रे?"

"धडपडशील. काही लागलं तर मी आहे ना."

खोली एकाएकी लहान झाल्यासारखी वाटली. हेस्टरने खिडकीतून खाली पाहिलं. समोर नुसती वीटभट्टीची भिंत. तिच्यापलीकडे गाव, गावापलीकडे कालवा, आणि या सगळ्यात कुठेतरी अँब्रोज अंधारात बसलेला.

"कालव्याकाठी कोणी पाहिलं असेल का रे? तो रोज तिकडे फिरायला जायचा."

"त्या चिखलात कोण उतरणार, मावशी? चहा घे. निवतोय."

तिने कप हातात घेतला. ओठाला लावला नाही, लक्ष फोनकडे होतं.

थोड्या वेळाने थर्झाचा फोन आला. "दोन्ही कोंडवाडे रिकामे, बाई. आता माणसं वाढवून मागते, पण निम्मी तर कालव्यावर अडकलीत. नुकतीच खबर आली, रात्री कोणीतरी खालच्या लॉकच्या, त्या पाणी अडवणाऱ्या दारांच्या, झडपा उघड्या ठेवल्या. दोन लॉकमधलं सगळं पाणी वाहून गेलं, नुसता चिखल उरलाय. आता वरून पाणी सोडून भरणार आहेत."

हेस्टरने फोन कानाशी घट्ट धरला.

दोन लॉकमध्ये अडवलेलं पाणी. नाववाले त्यालाही पाउंड म्हणत. पाण्याचा कोंडवाडा. आता गावात तो शब्द कोणाच्या तोंडी नव्हता, म्हणून तो तिला आठवला नव्हता.

आणि चिखल. खबर आत्ता आली. लायनेलला ती आधीच ठाऊक होती.

तो समोरच बसला होता, दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकून, तिच्याकडे बघत. दार त्याच्या पाठीमागे होतं.

"थर्झा," ती शाळेतल्या आवाजात म्हणाली, "आठवीच्या सहलीत तू बूट कुठे घालवलास गं?"

पलीकडून हळू आवाज आला, "आठवतंय, बाई."

"तिथेच शोध. आणि आधी नळ बंद करायला सांग."

तिने फोन ठेवला.

"नळ?" लायनेलने विचारलं.

"गळतोय तिच्या घरचा. कधीपासून सांगतेय. लक्षच नसतं पोरीचं."

"आणि बूट?"

"म्हातारी झाले मी. जुन्या गोष्टी आठवतात."

तो उठला. फोन उचलून त्याने लांब कपाटावर ठेवला. "आता जरा पड. चहा संपव, झोप लागेल."

हेस्टरने कपात पाहिलं. अँब्रोजलाही यानेच चहा दिला असेल का? तिने कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. लायनेल दार आणि खुर्चीच्या मध्ये उभा राहिला. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, आणि तिच्या डोळ्यांपुढे फक्त चढतं पाणी होतं.

जिन्यावर जड पावलं वाजली. आठवीत जिथे तिचा बूट रुतला होता, त्याच कालव्याच्या चिखलाने थर्झा कमरेपर्यंत माखलेली. मागे दोन शिपाई.

"सापडले, बाई. जिवंत आहेत. वरचं पाणी वेळेत बंद केलं. खाली गाडीत डॉक्टर तपासतायत."

हेस्टरने डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि भाच्याकडे पाहिलं.

"बोट विकली म्हणालास ना, लायनेल?"

त्याने दाराकडे पाहिलं. तिथे शिपाई होते.

"याच्याच बोटीत होते," थर्झा म्हणाली. "खिडक्यांना आतून फळ्या, दाराला बाहेरून कुलूप. दोर काठाला आखडून बांधलेले. पाणी उतरलं तशी बोट काठाला अडकून कलंडली. पाणी पुन्हा चढलं असतं तर ती सरळ झालीच नसती, आधी भरली असती."

"आणि चिखलात जुनी बोट बुडाली म्हणून कोणी ढुंकून पाहिलं नसतं," हेस्टर म्हणाली. "अँब्रोजला याने चहातून झोपेच्या गोळ्या दिल्या असणार. जाग आली तेव्हा कोणाची बोट हे त्याला अंधारात कळेना. पण पायाखालची फळी कलतेय, झडपांतून पाणी धो धो जातंय, एवढं कळलं असणार. म्हणून त्याने जागेचं नाव सांगितलं."

"माझ्याकडे होता त्याचा फोन," लायनेल पुटपुटला. "मी काढून घेतला होता."

"एक घेतलास. जुना फोन कोटाच्या फाटक्या खिशातून अस्तरात गेला होता," थर्झा म्हणाली. "त्यांनीच सांगितलं."

"तू डर्बीहून हमरस्त्याने आलास," हेस्टर म्हणाली. "गावात पाऊल टाकलं नाहीस. मग कालव्यात चिखल आहे हे तुला कोणी सांगितलं? पोलिसांना कळायच्या आधी ते एकालाच माहीत होतं, ज्याने झडपा उघडल्या. आणि अँब्रोजच्या साक्षीची एवढी भीती एकालाच असणार. पुलावरची गाडी तुझी होती."

लायनेल भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. "ती अचानक समोर आली, मावशी. मी थांबणार होतो."

"पण थांबला नाहीस. अँब्रोज थांबला. आठवडाभर गप्प राहिला, तू आपणहून जाऊन कबूल करशील म्हणून."

शिपायांनी त्याला उठवलं. जाताना त्याने मागे वळून पाहिलं. हेस्टरने नजर हटवली नाही.

थर्झाने कुबड्या आणून दिल्या आणि तिला धरून एकेक पायरी उतरवलं. खाली गाडीत, घोंगडीत गुंडाळलेला अँब्रोज बसला होता. चेहरा राखेसारखा, ओठ निळे.

"दवाखान्यात चल," हेस्टर म्हणाली.

"कोर्ट उठलं का?"

"नाही अजून. पण आता तुझ्या साक्षीची काय गरज? त्याने कबूल केलंय."

"आपल्यापुढे केलंय." अँब्रोजने घोंगडी अंगाभोवती आवळली. "बेथनची आई सकाळपासून तिथल्या बाकावर बसलीय. तिला कोणीतरी सांगायला हवं ना? आपल्यातल्याच कोणीतरी."

हेस्टर त्याच्या शेजारी बसली. प्लास्टरचा पाय आत मावेना, म्हणून दार उघडंच ठेवून थर्झाने गाडी हळूहळू कोर्टाच्या रस्त्याला घेतली.