तिसऱ्या तारेवरचं ‘हाव’

लातूरच्या उन्हाळ्यात चेलोचं लाकूड आवळून येतं. खुंट्या सैल पडतात, सकाळी लावलेल्या तारा दुपारपर्यंत उतरतात. म्हणून औसा रोडवरच्या शिकवणीच्या खोलीत तनुजा तो कूलरपासून लांब, कोपऱ्यात ठेवायची. शेजारी ओलं गोणपाट. माणसाच्या छातीला लागेल एवढं, व्हायोलिनच्या जातीचं वाद्य, बसून, गुडघ्यांत धरून वाजवायचं. नवा माणूस पहिल्यांदा त्यालाच बघायचा, मग तिला.

खाली सगळे डॉक्टरकीचे क्लास. राजकन्या नावाची पोरगी नायगावहून त्यासाठीच आली होती. वरचा आवाज ऐकून एक दिवस जिना चढली आणि डॉक्टरकी खालीच राहिली.

“वडील काय म्हणले गं?” तनुजानं विचारलं होतं.

“म्हणले, एवढं मोठं धूड सांभाळायचंच होतं तर म्हैस सांभाळायची. दूध तरी देती.”

— हाव.

तनुजाचं शिक्षण मिरचीत झालं. धर्माबादला तिचे निवृत्तीमामा मिरचीच्या अडतीवर राखणीला होते, आणि घरात चेलो मावत नव्हता. मग गोदामातच, लाल पोत्यांच्या थप्प्यांमधे, शिंकत शिंकत रियाज. चेलो आनंदराज सरांचा. मुंबईत सिनेमाची गाणी वाजवून थकले आणि नांदेडला परतले. या भागात हे वाद्य शिकायला पोरगी आली, याचंच त्यांना इतकं अप्रूप की वाद्य देऊनच टाकलं.

मामांना सुरातलं काही कळत नव्हतं. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो, एवढं मात्र ठाऊक होतं. पोत्याला टेकून बसायचे, तनुजाची एक ओळ संपली की म्हणायचे, “हाव.”

“मामा, गाण्यात असं म्हणत न्हाईत!”

“तू सांगून राहिलीस नं कायतरी? मग आयकणाऱ्याला हाव म्हणावंच लागतंय. न्हाईतर सांगणारा थांबतोय.”

ओळ चुकली की मात्र मामा गप्प. कसं कळायचं, कोण जाणे.

— हाव.

मामा गेले तेव्हा ती परदेशात एका वाद्यवृंदात होती. मातीला पोचता आलं नाही. त्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमात, तिसऱ्या तारेवरच्या ‘फा’ या सुराला, चेलोच्या पोटातून एक घोगरा, हलता आवाज आला. शेजारच्या वादकानं कपाळाला आठ्या घातल्या.

तिनं आनंदराज सरांना फोन लावला.

“लांडगा म्हणतात त्याला,” सर म्हणाले. “लाकडाचा सूर आणि तारेचा सूर एकमेकांत अडकतात, मग तो गुरगुरतो. बहुतेक चेलोंत असतो.”

“तुम्ही वाजवत होता तेव्हा होता, सर?”

“नव्हता,” म्हणाले. “नळी पाठवून देतो. घोडीच्या खाली तारेवर बसव. आवाज मरतो.”

पितळेची, बोटाच्या पेराएवढी नळी आली. तनुजानं ती कधीच बसवली नाही. कारण गुरगुर नव्हती ती. ओळ नीट संपली तरच यायची. चुकली की चेलो गप्प. पुढे तर ‘फा’ नसलेल्या ओळींनंतरही येऊ लागली. तिला लाकूड कळत होतं, कंपनं कळत होती, विद्यार्थ्यांना ती फळ्यावर काढून दाखवायची. आणि तरी परक्या गावांतल्या थंड सभागृहांत ओळ संपवून ती वाट बघायची. ते एक ‘हाव’ आलं की पुढची ओळ सुचायची. सगळी कारकीर्द तिनं अशीच, एका होकारावरून दुसऱ्यावर पाय देत पार केली. मायदेशी परतून लातूरला आली ती याच उपकाराखाली. मिळालं ते पुढं द्यावं म्हणून.

— हाव.

राजकन्याची निवडचाचणी हैदराबादला होती. निवड झाली तर संगीताचं पूर्ण शिक्षण फुकट, राहण्याजेवणासकट. नाही झाली तर वडिलांनी स्थळ पाहूनच ठेवलं होतं. तनुजानं तिला स्वतःचा चेलो दिला. कायमचाच.

शेवटच्या सरावाला राजकन्यानं ओळ संपवली आणि गज खाली ठेवला.

“मॅडम, हे कोण म्हातारं बोलतंय ह्याच्यात?”

तनुजाच्या हातावर काटा आला. आजवर तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

“परीक्षकांना बी आयकू जाईल नं?” पोरगी रडवेली झाली. “म्हणतील, वाद्य बिघडलंय. न्हाईतर मीच.”

ती गेल्यावर तनुजानं खणातून नळी काढली. चेलो मांडीशी घेतला. भर दुपार होती, खालच्या क्लासात कुणीतरी मोठ्यानं हाडांची नावं पाठ करत होतं.

“मामा,” ती म्हणाली, “लई आयकलं तुमी माझं. आता पोरीचं हाय.”

नळी तारेवर बसवून स्क्रू फिरवला. एक ओळ वाजवली, अगदी स्वच्छ. नंतर काहीच नाही. चेलोला डोकं टेकून ती रडली, आणि रडतानाच तिला मिरचीच्या वासानं शिंक आली.

लातुरात, तिसऱ्या मजल्यावर.

वडील नायगावहून येणार होते, म्हणून नांदेडच्या स्टेशनवर तिनं बापलेकीला गाडीत बसवून दिलं. वडील चेलोला हातांनी धरून बसले होते, म्हैस धरावी तसेच.

चाचणीच्या दिवशी ती खोलीत बसून राहिली. फोन वाजला.

“मॅडम! झालं! घेतलं मला!”

तनुजाचे डोळे भरले.

“पण तुमी येणार म्हणून सांगितलं न्हाई ते?”

“कुठं?”

“थट्टा करून राहिलात व्हय? शेवटची ओळ संपली आन् मागून तुमी हाव म्हणलात की. परीक्षक बी वळून बघितले. वडील बाहेर बसलेले, ते म्हणले, मॅडमचाच आवाज.”

तनुजानं रिकाम्या कोपऱ्याकडं पाहिलं. गोणपाट अजून ओलं होतं.

“नळी सुटली होती का गं?”

“न्हाई. गच्च हाय. खूश झालात नं मॅडम?”

तनुजानं तोंड उघडलं. श्वास आला, ओठ नेहमीसारखे गोल झाले. ‘हाव’ काही आलं नाही.

पुन्हा.

घशात ती जागाच नव्हती.

“हो,” ती कशीबशी म्हणाली.

राजकन्या हसली. “पुण्यावानी हो काय म्हणता! आपलं हाव म्हणा की.”

तनुजानं फोन कानाशी घट्ट धरला. भीती वाटायला हवी होती. तिनं डोळे मिटले, आणि दुसरा हात आपोआप कपाळाशी गेला, देवळात जातो तसा.

तिकडं चेलोची पेटी जमिनीला टेकल्याचा आवाज आला. मग अगदी जवळून, तनुजाच्याच आवाजात:

— हाव.