रिकाम्या खुर्चीची टकटक

त्या रविवारी मी पत्त्यांचा नवा जोड आणायला बाहेर पडलो होतो. जुना जोड माझ्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याचा. शिंपी होता. जाऊन बरीच वर्षं झाली, पण घरात अजून त्याचंच चालायचं. पोकर पैशांऐवजी त्याच्या बटणांनी खेळायचं, नियम त्याचे, आणि खिडकीजवळची खुर्ची त्याची म्हणून रिकामी. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी माझ्या घरी एक संध्याकाळ काढावी. सुई टोचू नये म्हणून तो बोटात घालायचा ते पितळी अंगुस्तान तिनं शिवणयंत्राच्या खणात जपलं होतं. ते मी जाताना खिशात टाकलं आणि येताना पुलावरून कालव्यात भिरकावलं. बरं वाटलं.

दिवेलागणीला नेहमीची मंडळी बसली. मी, ती, तिचा थोरला भाऊ आणि शेजारचे दातांचे डॉक्टर. वीज गेली म्हणून तिनं कंदील लावला. पाळी माझी होती. मी पानं बघत होतो, तेवढ्यात टेबलावर वाजलं. टक, टक.

आमच्याकडे त्याचा अर्थ ठरलेला आहे. मी आत्ता बटण लावत नाही, पण डावही सोडलेला नाही.

"डॉक्टर, पाळी माझी आहे."

"अहो, माझे दोन्ही हात पानांवर आहेत!"

"मग दादा, तुम्ही?"

"मी कशाला? पाळी सोडून वाजवलं की पुढच्या डावात पानं नाहीत, मला पाठ आहे. त्यांनीच तर केलाय नियम."

'त्यांनी' म्हणजे कोणी, हे या घरात सांगावं लागत नाही.

पुन्हा वाजलं. खिडकीकडून... धातूचा आवाज. मागोमाग साचलेल्या पाण्याचा कुजकट वास आला. डॉक्टर पानं टाकून उठले. दादा तर चपला न घालताच दाराबाहेर.

मीही घाबरलो, नाही म्हणत नाही. पण बायकोकडे पाहिलं आणि भीती बाजूलाच राहिली. ती लाजली होती. माझ्यासमोर ती कधीच अशी लाजली नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"तो गेलाय," मी म्हणालो.

"हो..."

"मग मी की तो, ते आज एकदाचं सांगून टाक."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही चांगले आहात हो..." एवढंच म्हणाली. मग बोट वाकवून तिनं टेबलावर हलकेच वाजवलं. टक, टक.

समोरून लगेच उत्तर आलं.

मी कंदील उचलून त्या खुर्चीसमोर धरला. खुर्चीत कोणी नव्हतं. टेबलावर गढूळ पाण्याचं एक कडं उमटलं होतं, अंगुस्तानाच्या तोंडाएवढं. मी ते बाहीनं खसाखसा पुसलं. पुसून हात उचलतो तोच दुसरं उमटलं, तिच्या हाताच्या थोडं जवळ.