हळदीचे बोट

चाक ताब्यात घ्यायचे, पंचनाम्यावर सही करायची आणि परतायचे, एवढेच माझे काम होते. मी धातुशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी. तपास पथकात सर्वांत कनिष्ठ. एका प्रवासी विमानाचे पुढचे चाक उड्डाणानंतर निखळून शेणव्याच्या शिवारात पडले होते. विमान सुखरूप उतरले. पण नट सैल ठेवल्याच्या संशयावरून मुरबाडचा दिपेश हा तरुण तंत्रज्ञ निलंबित झाला होता.

चाक जिच्या शेतात पडले, त्या शकूआजीच्या पडवीत पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. भिंतीला टेकवलेल्या चाकाला जळक्या रबराचा वास होता. मधल्या तुटलेल्या कडेवर हळदीचे एक ओले बोट उमटले होते.

"आजी, हा पुरावा आहे. हळद का लावलीत?"

"मी नाय गो लावली. म्हाताऱ्यानं लावली. बैलगाडीची चाकं बनवायचा ना तो. जिथं खोट, तिथं हळदीचं बोट. मंग ते चाक कोनी गाडीला घालत नसं."

"कुठे आहेत आजोबा?"

"गेला की. येत्या शिमग्याला वरीस होईल." ती हसली. "पन हात गप बसतोय का त्याचा? तू आधी भाकर खा. वाळलीस नुसती."

आम्ही दोघी चुलीपाशी होतो. पडवीत कुणीतरी बोटाच्या पेराने धातूवर हलकेच वाजवले. टक... टक... मग जरा थांबून, पुन्हा त्याच जागी... टक.

"आजी... बाहेर कोण आहे?"

"ऐकतोय तो..." ती कुजबुजली. "बोलू नको. काम करताना बोललेलं खपत नाय त्याला."

प्रयोगशाळेत मी हळदीच्या जागेवरच छेद घेतला. धातू घडवतानाच राहिलेली पोकळी तिथे होती. तडा तिथूनच निघाला होता. दिपेश कामावर परतला. छेदाची जागा कशी निवडली, या रकान्यात मी 'प्रत्यक्ष निरीक्षण' असे लिहिले. शकूआजीला फोन केला, तर ती म्हणाली, "म्हातारा आता हितं येत नाय गो. तुझ्याकडंच आला असंल. जेवलीस का?"

त्यानंतर त्याच घडणीची आठ चाके आमच्याकडे आली. यंत्रांनी आठही निर्दोष ठरवली आणि काल संध्याकाळी ती विमानतळावर रवाना झाली.

आज सकाळी कुलूप मीच उघडले. रिकाम्या मांडणीवर, सहाव्या चाकाच्या क्रमांकाखाली, हळदीचे बोट होते. ओले.

ते चाक कोणत्या विमानाला बसवले, हे विचारायला मी केव्हाची फोन लावते आहे. पलीकडे रिंग वाजते आहे... अजून कुणी उचलत नाही.