दोरीचं शेवटचं टोक

बाळ झोपलंय, तेवढ्यात लिहून घेते. यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. त्या दिवशी दोरी माझ्याच हातात होती.

दोन हजार तेवीसचा डिसेंबर. मंठा तालुक्यातला एक उजाड माळ. शनिवारची दिवेलागण.

मी शाळेच्या पोरींना रानात तग धरायला शिकवते. दिशा ओळखणं, चूल पेटवणं, एकमेकींना सांभाळून चालणं. बाळंतपणानंतरचं हे माझं पहिलंच शिबिर. पाच महिन्यांचं बाळ मुक्कामाच्या शेडवर सासूबाईंपाशी होतं.

शेवटचा खेळ दोरीचा. दहा पोरी, डोळ्यांवर ओढण्या, सगळ्यांच्या हातात एकच लांब दोरी. पुढे मी, उघड्या डोळ्यांनी. बोलायचं नाही. मी थांबले की शेवटचीने दोन झटके द्यायचे. एकीकडून दुसरीकडे करत ते माझ्यापर्यंत यायचे.

म्हणजे मागे सगळं ठीक.

शेवटी रूपाली होती. तिच्या पुढे शीतल.

"रूपे, तू तर शेपूट झालीस!" शीतल म्हणाली.

"शेपूट लागतीच की म्हशीला," रूपाली म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

माळावरच्या एकट्या बाभळीपासून निघालो. शेड अर्ध्या किलोमीटरवर.

पहिल्या थांब्याला दोन झटके आले.

नियमाने मी मागे जाऊन डोकी मोजायला हवी होती. पण तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "अगं, लेकरू रडून राह्यलंय. जल्दी ये."

छाती दुधाने भरून आली होती. मी मोजलं नाही.

दुसरा थांबा... दोन झटके.

तिसरा... दोन झटके. जरा हळू.

शेड आली. दिवा लागलेला. स्वयंपाकाला आलेल्या गोजरबाईंच्या भाकरीचा वास येत होता. आत बाळ रडत होतं.

"सोडा दोरी. ओढण्या काढा."

मी वळून पाहिलं.

नऊ.

"शीतल, रूपाली कुठंय?"

"मागंच हाय की मॅडम. आत्ताच झटके दिले तिनं."

शीतलच्या मागे कुणीच नव्हतं.

दोरीचं टोक मात्र हवेत होतं. ताठ... कुणीतरी धरल्यासारखं.

मग ते गवतात पडलं.

पोरींना गोजरबाईंच्या हवाली करून मी उलटी धावले. दुसऱ्याची लेक हरवली होती माझ्या हातून.

रूपाली बाभळीखालीच सापडली. तळपायातलं रक्त पुसत बसलेली.

मी तिला छातीशी धरलं.

"काटा घुसला मॅडम. लईच खोल गेल्ता."

"मग ओरडली का नाहीस?"

"बोलायचं न्हाई म्हणल्त्या ना तुम्ही? आणि मागची म्हणली, ताई, तू बस. मी धरते."

"मागची कोण? शेवटी तूच होतीस."

ती हसली. "मज्जा करून राह्यल्या का?"

मी हसले नाही. मग तिचंही हसू गेलं.

माझ्या खांद्याला धरून उठताना म्हणाली, "मॅडम... माझ्या हातातून दोरी घेतली ना तिनं, तवा हात लागला. एवढुसा होता. अंगणवाडीतल्या पोरीसारखा. लई गार."

गोजरबाई त्याच भागातल्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, "इथं जवळपास वस्तीच न्हाई बाई. लहान लेकरू कुठून येईल?"

ती कोण होती, मला माहीत नाही. शोधायचीही हिंमत झाली नाही.

भीती तर वाटतेच. पण बाळाला थोपटताना दुसरंच काहीतरी मनात येतं.

एवढंसं लेकरू काळोखात अर्धा किलोमीटर माझ्या मागे चालत आलं. दोरी घट्ट धरून, एकदाही न सोडता, दिव्याच्या उजेडापर्यंत...

आणि मी म्हणाले, सोडा.

सगळ्यांनी सोडली.

तिनेही.