दीड तासाचं अंतर

आई राहायची त्या शहराला रस्त्यानं जायचं तर नऊशे ऐंशी किलोमीटर, म्हणजे सतरा तास. विमानानं दीड. तिकीट काढून देणाऱ्या बाईंनी हे सांगितलं, तेव्हा घड्याळजीच्या जिवात जीव आला. सकाळीच ताईचा फोन आला होता. "आईचं काही खरं नाही. तुझ्यात जीव अडकलाय तिचा. लगेच नीघ."

त्यानं दुकानाचं शटर ओढलं, बायकोला निरोप दिला आणि विमानतळ गाठला.

दोन वाजून दहा मिनिटांनी विमान सुटलं. खाली ढग, वर लख्ख ऊन. आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस स्वतःच्या मनगटाकडे बघत एकेक मिनिट पुढे ढकलत राहिला. तीन चाळीसला चाकं जमिनीला टेकली. सव्वाचारला तो रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर होता.

मजल्यावर फिनेलचा वास होता आणि पंख्याची घरघर. ताई खाली औषधं आणायला गेली होती. टेबलामागच्या नर्सबाईंनी मान वर केली.

"काही विसरलात का?"

"मी आत्ताच येतोय."

"अहो, चांगले दीड तास बसला होतात की आईंजवळ. पंधरा मिनिटंही झाली नाहीत तुम्हाला जाऊन." त्यांनी भेटायला येणाऱ्यांची वही त्याच्याकडे वळवली.

वहीत त्याचं नाव होतं. वेळ, दोन पस्तीस. खाली त्याचीच सही, शेवटच्या अक्षराला मारलेल्या वळशासकट. दोन पस्तीसला तो ढगांच्या वर होता.

तो वही तशीच सोडून वळला. खोलीत शिरला. आई जागी होती. तिनं त्याचा हात चाचपला, मग दोन्ही हातांत धरून ठेवला.

"गरम आहे," ती म्हणाली. "म्हणजे तूच."

"आई... मघाशी कोण आलं होतं?"

"तुझ्यासारखाच होता. आवाजही तुझाच. म्हणाला, चल, तुला न्यायला आलोय." ती दम घ्यायला थांबली. "मी म्हटलं, माझ्या लेकाला यायला दीड तास लागतो. दोन दहाला निघालाय तो, ताईनं सांगितलंय मला. तू इतक्यात आलासच कसा?"

"मग?"

"मग हसला. म्हणाला, बरं, राहू दे तुझं."

तिचा श्वास संथ चालला होता. सकाळी ताईनं सांगितलं तसा तुटक नव्हता. घड्याळजीला हायसं वाटलं. त्यानं तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"गेला ना तो आता?" त्यानं विचारलं.

"गेला. जाताना विचारत होता..."

"काय?"

"तुझं घर इथून किती लांब... तिथे पोचायला किती वेळ लागतो..."

त्याचा मोबाइल विमानातच बंद पडला होता. तो बाहेर आला, नर्सबाईंना विचारून टेबलावरच्या फोनवरून घरचा नंबर लावला. चार वाजून बत्तीस मिनिटं झाली होती. तिसऱ्या घंटेला बायकोनं फोन उचलला.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "ऐक, दाराला आतून कडी लाव."

 ती परक्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

"आपण कोण? ह्यांच्याशी बोलायचंय का? जरा थांबा हं... हे आत्ताच आलेत, हात धुताहेत."

मागे कुठेतरी नळ बंद झाला.