कापलेल्या कोपऱ्याचा कागद

"चोर सापडला नाही तरी चालेल," नाना म्हणाले. "मी विसरलेलो नाही, एवढं मात्र सिद्ध करून द्या."

खासगी तपासाची कामं घेणाऱ्या वहिनींनी पेन खाली ठेवलं. चोर नको म्हणणारा अशील त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भेटत होता. शेजारी त्यांचे धाकटे दीर बसले होते. निवृत्त झाल्यापासून भाऊजी वहिनींच्या प्रत्येक तपासाला जात. त्यांची मदत व्हायचीच असं नाही, पण सोबत व्हायची.

"म्हणजे खेळण्यातल्या विमानाचा स्टिकर चोरीला गेलाय?" भाऊजींनी विचारलं.

"खेळणं नव्हे, प्रतिकृती. आणि स्टिकर नव्हे, डिकल!" एकोणऐंशीव्या वर्षीही नानांचा आवाज खणखणीत होता. "पाण्यात बुडवलं की कागदावरून चित्राचा पापुद्रा सुटतो. तो विमानावर अलगद सरकवायचा. वाळला की रंगवल्यासारखा दिसतो."

एका म्हाताऱ्या वैमानिकाने, म्हणजे कॅप्टनने, आपल्या पहिल्या विमानाची प्रतिकृती करायला सांगितली होती. खऱ्या विमानाच्या नाकावर निळा खंड्या पक्षी होता. नानांनी एका पुसट फोटोवरून तो महिनाभर खपून काढला आणि शुक्रवारी तळहाताएवढ्या कागदावर छापून लिफाफ्यात ठेवला. शनिवारी संध्याकाळी लिफाफा उघडला, तर आत कोरा कागद.

"कोणीतरी खंड्या काढून घेतला आणि तेवढाच कोरा कागद आत सरकवला. पक्षी मी पुन्हा छापीन हो. पण विमानाचा सांगाडा जोडणारा फिटर, माझा चाळीस वर्षांचा दोस्त, त्याच दुपारी घरी येऊन गेला होता. काल आमच्या प्रतिकृतीवाल्यांच्या क्लबात सगळ्यांसमोर मी त्याला चोर म्हणालो."

"मग?"

"तो म्हणाला, नाना, तूच कुठेतरी घोळ घातला असशील, हल्ली विसरतोस." नानांनी टेबलावर बोट आपटलं. "मी खरंच विसरत असेन, तर हे काम मी त्याच दिवशी सोडीन."

नानांच्या कामाच्या खोलीत टेबल, छपाईचं यंत्र आणि रंगांच्या बाटल्या एका ओळीत होत्या. भिंतीवर प्रत्येक कामाचं कार्ड टांगलेलं. खंड्याच्या कार्डावर तीन शब्द होते: छपाई, वाळवण, वार्निश. तिन्हींपुढे लाल पेन्सिलीची खूण होती.

"ही माझी शिस्त," नाना म्हणाले. "छापलं की लगेच डावा खालचा कोपरा कापतो, म्हणजे उलटसुलट होत नाही. मग वाळवण. मग वार्निश, त्याशिवाय या शाईचा भरवसा नाही. शुक्रवारी हा नवा डबा काढून तीन हात मारले."

वहिनींनी फवाऱ्याचा डबा उचलला, झाकणाभोवतीच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि तो जागेवर ठेवला. मग लिफाफ्यातला कोरा कागद उजेडात धरला. तो पापडासारखा किंचित वळला होता. डावा खालचा कोपरा तिरका कापलेला होता. कपाटातले नवे, न छापलेले कागद मात्र चारही कोपऱ्यांनी शाबूत होते.

"चोर भलताच व्यवस्थित दिसतोय," भाऊजी कौतुकाने म्हणाले. "कोपरासुद्धा कापून आणला!"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यामुळे आपण काहीतरी हुशारीचं बोललो असावं असं भाऊजींना वाटलं.

फिटरने दार अर्धंच उघडलं. "मी विमान दिलं, पाणी प्यायलो, निघालो. लिफाफ्याला हात लावला नाही. डिकलमधलं मला ओ की ठो कळत नाही. चिकटवायचं काम त्याची सून करते, नानाचा हात कापतो ना." आणि दार लावता लावता म्हणाला, "माझं सोडा. त्याला नीट जेवायला सांगा."

कॅप्टन उत्साहात होता. "शनिवारी अकराला मी स्वतः पाहिला की खंड्या! अगदी तोच. एक गंमत सांगू? आमच्या विमानांच्या शेडमध्ये वार्निशचा वास असायचा. तो मिळावा म्हणून मी नानांच्या खोलीत भरपूर श्वास घेतला. काही नाही! म्हटलं, आता नाकही म्हातारं झालं."

"पण तिथे चहा प्यायलात, त्याचा वास आला?" वहिनींनी विचारलं.

"आला ना. आलं घातलंय हेसुद्धा कळलं."

सून स्वयंपाकघरात भेटली. तिचा नवरा दूरगावी नोकरीला होता, त्यामुळे घरात सासरे आणि ती, दोघंच. ती सारखा चष्मा पुसत होती. काचांवर बारीक चकचकीत ठिपके होते, ते काही निघत नव्हते.

"गुरुवारी, शुक्रवारी मी बहिणीकडे होते. शनिवारी सकाळी आले. नाना दुपारी झोपतात. मी कामात होते, काही पाहिलं नाही."

"वार्निश कधी तू मारतेस का?"

"छे! मला तो वास सोसत नाही. फवारताना मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही."

खिडकीत एक चिनी मातीची वाटी पालथी होती. वहिनींनी ती सहज उलटली. कडेला पुसट निळी रेघ होती.

"नीळ," सून घाईने म्हणाली. "कपड्यांची."

"या वाटीत रुमाल तरी भिजेल का?" भाऊजी हसले. सून हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघं नानांच्या खोलीत बसली. वहिनींनी कोरा कागद टेबलावर ठेवला.

"नाना, चोरी झालेली नाही. कोपरा तुम्ही छापल्यावर कापता, कोऱ्याला कापत नाही. मग कोऱ्याला कापलेला कोपरा आला कुठून? हा बदललेला कागद नव्हे. हाच तुमचा खंड्या."

"मग पक्षी कुठे गेला?" भाऊजींनी विचारलं.

"पाण्यात. कागद भिजून वाळलाय, म्हणून वळलाय. वार्निश नसलं की ही शाई पाण्यात वाहून जाते. वाटीत तीच उतरली."

"पण मी वार्निश मारलं होतं!" नाना ओरडले. "खूण आहे कार्डावर!"

"ताई, राहू द्या ना," सून कळवळून म्हणाली.

वहिनी थांबल्या. हे सगळं त्यांना कालच कळलं होतं, आणि रात्रीचं जेवण त्यांना गेलं नव्हतं.

"राहू दिलं असतं गं. पण एक माणूस चोर ठरून बसलाय." त्या नानांकडे वळल्या. "डब्याची प्लॅस्टिकची पट्टी अजून तुटलेली नाही. तो एकदाही उघडलेला नाही. आणि कॅप्टनला आल्याचा वास आला, वार्निशचा आला नाही. तुम्ही खूण केलीत, नाना. वार्निश राहिलं."

नानांनी डबा उचलून ती पट्टी स्वतः चाचपली.

"शनिवारी तुम्ही झोपला होतात. उठाल तेव्हा पक्षी विमानावर बसलेला दिसावा म्हणून हिने कागद बुडवला. शाई डोळ्यांदेखत वाहून गेली. हिने कागद वाळवून लिफाफ्यात ठेवला आणि तुम्हाला कसं सांगावं याचा विचार करत बसली. तेवढ्यात तुम्हीच 'चोरी' म्हणालात. ही गप्प राहिली."

"पण वास सोसत नाही म्हणाली ना ती?" भाऊजींना अजून उमगत नव्हतं.

"चष्म्यावरचे ठिपके वार्निशचेच आहेत, भाऊजी. फवारणाऱ्याच्याच काचेवर ते बसतात. वार्निश हीच मारते, गुपचूप."

नानांनी सुनेकडे पाहिलं. "किती वेळा?"

तिने चष्मा काढून हातात धरला.

"सांग. किती वेळा विसरलो?"

"अकरा महिने झाले," ती रडत म्हणाली. "कधी तुम्ही मारायचात, कधी नाही. खूण मात्र नेहमी असायची. म्हणून तुम्ही झोपलात की मी प्रत्येक कागदावर एक हात मारून ठेवायचे. या वेळी मी नव्हते. आल्यावर घाई केली, खुणेवर विश्वास ठेवला. चूक माझी आहे, नाना. फिटरकाकांचं नाव घेतलंत तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण बोलले असते तर तुम्ही काम सोडलं असतं, आणि मग तुम्ही काय केलं असतं दिवसभर?"

नानांनी खंड्याचं कार्ड भिंतीवरून उतरवलं. भाऊजींनी खिडकीबाहेर तोंड वळवलं. वहिनींना वाटलं, आयुष्यात एकदा तरी आपलं अनुमान चुकायला हवं होतं.

"मला माफ करा," त्या म्हणाल्या. "तुम्ही मागितलं होतं ते मला देता आलं नाही."

"तुम्ही खरं तेच दिलंत." नाना टेबलाला धरून उठले. त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला, बटणं लावायला त्यांना वेळ लागला. कोणी मदतीला गेलं नाही. मग ते सुनेला म्हणाले, "चल, फिटरकडे जाऊ. त्याच्या पाया पडायचंय मला."

"तुम्ही जा, नाना. दोघंच बोला. मी कशाला मध्ये?"

"चाळीस वर्षं जातोय मी त्याच्या घरी." नाना चपला घालता घालता थांबले. त्यांनी आपला हात तिच्यापुढे केला. "गेल्या आठवड्यात वाटेत एका वळणावर मी बराच वेळ उभा होतो. कुणाला बोललो नाही. तू चल बरोबर."