राक्षस आणि रुमाल

मी त्याच्या रुमालावर बसले, इथूनच सगळं सुरू झालं.

बदनापूरहून जालन्याला नोकरीला जाणाऱ्यांचा एक नियम आहे — गाडी थांबता थांबता खिडकीतून रुमाल आत टाकायचा. ज्याचा रुमाल, त्याची जागा. मला काय ठाऊक! बियाण्याच्या कंपनीत नुकतीच लागल्ते मी. खिडकी रिकामी दिसली, बसले, मोबाईलवर गेम लावला आणि माझ्या जादूगारणीला घेऊन जंगलात शिरले.

"अहो मॅडम, माझ्या रुमालावर बसून राक्षस मारून राह्यल्या तुम्ही."

मान वर केली. उंच, बाह्या दुमडलेल्या, आणि हसू… ते दाबायचा प्रयत्नसुद्धा करत नव्हता मेला!

"उठू का?"

"बसा हो. पण हे काय, सोप्या लेव्हलवर?" तो स्क्रीनमध्ये डोकावला. "हे तर कोणीबी डोळे मिटून जिंकंल."

झालं! मला राग यायला एवढं पुरतं. "अख्खा गेम एकदा जिंकलेय मी!"

"मंग महाकठीणवर खेळून दाखवा. तिथं लढाईच्या मधे थांबता येत न्हाई. मेलं की पहिल्यापासून."

त्याचं नाव केदार. नवीन जालन्यात बँकेत होता. दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीत त्याचा रुमाल होता आणि तो स्वतः बाजूला उभा. "तुमच्यासाठी धरली जागा. उभ्यानं राक्षस मरत न्हाई."

मंग काय! सुरुवातीला रोज मी मरायचे, रोज तो हसायचा. "ढाल धर, ढाल!" "आगीनं नको, याला पाण्यानं मार!" आणि त्या आरडाओरड्यात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. बाहेर तुरी पिवळ्या फुलल्या, शेंगांनी भरल्या. आत माझी जादूगारीण एकेक किल्ला सर करत गेली. खरं सांगू? घरी वेळ होता, पण घरी मी तो गेम उघडतच नव्हते. गाडीत त्याचा खांदा लागला की माझा नेम चुकायचा… आणि मला ते बिलकुल चालायचं.

त्या शनिवारी मी शेवटच्या किल्ल्यात पोचले. समोर सगळ्यात मोठा राक्षस. "आज बघच तू, याची मुंडकीच उडवते!"

केदार हसला नाही. माझ्या स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "यशश्री… उद्या तीर्थपुरीला जाऊन राह्यलो. मुलगी बघायला."

बोट सटकलं. राक्षसानं पंजा मारला, जादूगारणीचा अर्धा जीव गेला.

"हे आत्ता सांगतोस? आत्ता?"

"तू स्क्रीनकडे बघत असली तरच बोलता येतं मला. तुझ्या डोळ्यात बघून… न्हाई जमत." त्यानं घसा खाकरला. "आई विचारून राह्यली, मनात कोणी आहे का म्हणून. काय सांगू?"

राक्षस लटपटत होता, एकच फटका बाकी होता. मान वर केली तर जादूगारीण मेली, इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात. आणि नाही केली तर… तर हा उद्या तीर्थपुरीला!

"ढाल धर, यशे! मरशील!"

मी मान वर केली. त्याच्या डोळ्यात बघितलं, अगदी सरळ. त्याचे कान लालेलाल झाले. मांडीवरच्या मोबाईलमधून जादूगारणीची किंकाळी आली.

"अगं, मेली ना! एकच फटका राह्यल्ता!"

"मरू दे."

त्याच्या खिशातून डोकावणारा रुमाल मी ओढला आणि त्याच्याच खांद्यावर टाकला. "आईंना सांग, जागा धरलेली आहे."

तो इतका हसला, इतका हसला की समोरचे काकाही उगाच हसायला लागले. खांद्यावरचा रुमाल तसाच ठेवून त्यानं तिथल्या तिथं फोन लावला.

"आई, तीर्थपुरीला नको म्हणून कळव… हो, जल्दी… आपल्या बदनापूरचीच आहे… स्वयंपाकाचं माहीत न्हाई गं, पण राक्षस लई भारी मारते!"

"खोटं नको सांगू," मी त्याला चिमटा काढला. "आजचा जिवंत सोडलाय, तुझ्यासाठी."